पाहुण्या वक्त्याची खुर्ची



सभागृहात खुर्च्यांच्या सात-आठ ओळी, समोर एक टेबल, टेबलावर पांढरे आच्छादन, पाण्याचा तांब्या व पेला, आणि टेबलामागे तीन खुर्च्या. मधली अध्यक्षांची, डावीकडील चिटणिसांची, उजवीकडील पाहुण्या वक्त्याची. मुंबई, पुणे, ठाणे, पनवेल, अलिबाग अशा ठिकाणांहून इस्राएलात येऊन स्थायिक झालेल्या आपल्या पिढीला हे दृश्य निराळे वर्णन करून सांगावयास नको. पहिल्या दोन खुर्च्यांवर कोण बसले ह्याची नोंद मंडळांच्या वृत्तांतांत मिळते. निवडणुका होतात, वाद होतात, फोटो निघतात. तिसऱ्या खुर्चीवर मात्र दर सभेस नवा माणूस बसतो, तास-दीड तास बोलतो, हार व नारळ घेऊन निघून जातो, आणि त्याचे नावही पुढे कोणास आठवत नाही. ह्या तिसऱ्या खुर्चीचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडू इच्छितो. ती कोणी मांडली, कोणासाठी मांडली, आणि तिच्यावर बसलेल्या एका पाहुण्याचे आपल्या समाजावर केवढे ऋण आहे, हे वाचकांस सांगावे असे फार दिवस मनात होते.

महाराष्ट्रात व्याख्यान ऐकण्याची सवय फार जुनी नाही. कीर्तन होते, पुराण होते, प्रवचन होते. परंतु कीर्तनकार हा पाहुणा नसून अधिकारी असतो. तो बोलतो ते प्रमाण मानावयाचे, त्याला मध्येच उभे राहून प्रश्न विचारावयाचा नाही. आपल्या समाजातही १८८० च्या सुमारास यहुदी चरित्रांवर मराठी कीर्तने होऊ लागली, आणि आपल्या आज्या-पणज्यांना अब्राहाम, योसेफ व मोशे ह्यांच्या कथा प्रथम साक्या-दिंड्यांतूनच पाठ झाल्या. व्याख्यानाची गोष्ट वेगळी. मुंबईत १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेच्या तरुण विद्यार्थ्यांनी आपली सभा काढली व तिची मराठी शाखा म्हणून उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा स्थापन झाली. दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष. तेथे निबंध वाचावयाचे व त्यावर चर्चा करावयाची अशी पद्धत पडली. पुढे पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानडे व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नाने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. वक्तृत्वोत्तेजक सभेने चालविलेली ही माला दीडशे वर्षांची झाली. उन्हाळ्याच्या सुटीत, दिवस कलल्यावर, रोज नवा वक्ता व रोज नवा विषय. त्याच वर्षाच्या उन्हाळ्यानंतर स्वामी दयानंद सरस्वतींस पुण्यास बोलावून त्यांचीही व्याख्याने करविण्यात आली. पुण्याच्या सनातनी मंडळींस ती मुळीच रुचली नाहीत, तरी ती पार पडली. आपल्याला न पटणारा माणूसही त्या खुर्चीवर बसविता येतो, हे पुण्याने त्या वर्षी पाहिले.

पण ऐकणे एक आणि खाणे एक. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली. रानडे होते, टिळक होते, गोखले होते. व्याख्यान झाले आणि नंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी प्याले, कोणी पेला हातात घेऊन तसाच खाली ठेवला. ह्या समारंभाचे सूत्रधार गोपाळराव जोशी, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, मोठे खट्याळ गृहस्थ. त्यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून जाहीर केली आणि पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी काशीस घेतलेल्या प्रायश्चित्ताचा दाखला पुढे केला. रानड्यांनी पुढे स्वतः प्रायश्चित्त घेतले व आपल्या सुधारक स्नेह्यांचा रोष ओढवून घेतला. व्याख्यानात कोण काय बोलले हे आज कोणास ठाऊक नाही. चहाचा पेला मात्र इतिहासात राहिला. आपल्या वाचकांस ह्याचे हसू येईल, पण फार हसू नये. कोशेर-अकोशेरच्या प्रश्नावरून पंगतीतून हळूच उठून जाणारी माणसे आपल्याही घरांत होतीच.

पाहुण्याचे भाषण व जेवणाचे ताट ह्यांची गाठ कायमची बांधली ती रोटरी क्लबने. पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने १९०५ च्या फेब्रुवारीत शिकागो शहरात तीन मित्रांसह हा क्लब काढला. आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत जमावयाचे म्हणून नाव रोटरी, म्हणजे फिरता. एका धंद्यातला एकच सभासद घ्यावयाचा, दर आठवड्यास एकदा एकत्र भोजन करावयाचे, आणि भोजनानंतर बाहेरच्या एखाद्या जाणत्याचे लहानसे भाषण ऐकावयाचे, असा त्याचा क्रम पडला. क्लब १९१९ साली कलकत्त्यास आला, १९२९ साली मुंबईस आला. आणि योगायोग असा की जेरुसलेममध्येही पहिला रोटरी क्लब त्याच १९२९ साली निघाला. पुढे १९५६ साली लायन्स क्लबही मुंबईस पोहोचले. गांधीजींसारखा माणूस १९२५ साली कलकत्त्याच्या रोटरीपुढे उभा राहिला आणि साहेब व्यापाऱ्यांच्या त्या मंडळीस त्याने चरख्याचे अर्थशास्त्र सांगितले. ऐकणाऱ्यांपैकी कितीजणांनी सूत कातले ते सोडून द्या. परंतु ज्यांच्या गिरण्यांच्या मालाविरुद्ध तो उभा होता, त्यांच्याच भोजनप्रसंगी त्याला बोलावले गेले आणि तो गेला, ही गोष्ट लहान नव्हे.

रोटरीच्या सभेत वक्त्यास वीस-पंचवीस मिनिटे मिळतात. मग घंटा, आभार, आणि जो तो आपल्या कामावर. आमच्या मते आपल्या मराठी सभांनी ही एक गोष्ट त्यांच्याकडून अवश्य घ्यावयास हवी होती. आपल्याकडे पाहुण्यांचा परिचय करून देणारा गृहस्थ पाहुण्यांचे निम्मे भाषण स्वतःच करून टाकतो, उरलेले निम्मे अध्यक्षीय समारोपात येते, आणि मध्ये पाहुणा बिचारा घड्याळाकडे पाहत बसतो. दुसऱ्या एका बाबतीत मात्र रोटरी आपल्या मागे होती. स्त्रियांना तिने सभासद म्हणून घेण्याचे मान्य केले ते १९८९ साली, तेही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९८७ साली खटला हरल्यावर. मुंबईत बेने इस्राएल स्त्री मंडळ स्थापन झाले होते १९१३ साली.

अशा निरुपद्रवी दिसणाऱ्या क्लबांची भीती किती जणांना वाटली आहे, हे पाहण्यासारखे आहे. जर्मनीत हिटलर सत्तेवर येताच १९३३ च्या एप्रिलात म्यूनिकच्या रोटरी क्लबने थॉमस मान ह्या नोबेल पारितोषिक मिळविलेल्या लेखकाचे नाव आपल्या यादीतून काढून टाकले. यहुदी सभासदांनाही ठिकठिकाणी वगळण्यात आले. एवढी आज्ञाधारकता दाखवूनही १९३७ साली तेथील सारे क्लब बंद करावे लागलेच. व्हॅटिकनने १९५० च्या अखेरीस कॅथलिक पाद्र्यांना रोटरीचे सभासद होण्यास मनाई केली. १९८८ साली हमासने काढलेल्या सनदेत तर रोटरी व लायन्स ही नावे झायोनवाद्यांची हस्तके म्हणून आली आहेत. आठवड्यातून एकदा जेवण करून भाषण ऐकणारे व शाळेस बाके देणारे हे लोक आपले हेर आहेत, हे वाचून आपल्यापैकी कित्येकांस आश्चर्य वाटेल. सौदी अरेबियात ह्या क्लबांनी मूळ धरलेच नाही. त्या राज्यात राजकीय पक्ष नाहीत, कामगार संघटना नाहीत, आणि चार माणसांनी मंडळ काढावयाचे तर आधी शासनाची संमती हवी. म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड ह्या भागांतील आपल्या जुन्या मुसलमान शेजाऱ्यांच्या घरांतून कितीतरी पुरुष नोकरीसाठी त्या देशात गेले. ज्या गावांत आपली व त्यांची घरे एका पाणंदीवर होती, तेथील एक शेजारी तिकडे गेला व दुसरा इकडे आला. दोघांनाही परक्या देशात आपल्या भाषेची चार माणसे जमवावीशी वाटली असणार. आपल्याला सभागृह भाड्याने घेऊन फलक लावता येतो, ही सोय प्रत्येकाच्या वाट्यास येत नाही.

आता आपल्या समाजाकडे वळू. बेने इस्राएलांचा व्याख्यात्यांशी पहिला परिचय यजमान म्हणून झाला नाही. १८२९ साली मुंबईस आलेले स्कॉटिश मिशनरी डॉक्टर जॉन विल्सन ह्यांनी आपल्या मुलांस शाळेत घेतले, १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापून आपल्या हाती दिले, आणि आपण कोण, कोठून आलो, ह्याविषयी लेखन केले. त्यांचे उपकार खरे, त्यांचा हेतूही उघड होता. पण त्या साऱ्या काळात आपण ऐकणारे होतो. विषय त्यांनी ठरवावयाचा, सभा त्यांनी बोलवावयाची, आणि तीत आपण कोण आहो हे आपल्यालाच सांगावयाचे. ही परिस्थिती पालटण्यास दोन पिढ्या लागल्या. हाईम शमुवेल केहिमकर ह्यांनी १८७५ साली, म्हणजे पुण्यात वसंत व्याख्यानमाला निघाली त्याच वर्षी, मुंबईत इस्राएलाइट शाळा काढली. पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा म्हणून जिला आपण ओळखतो, तीच ही. ह्याच केहिमकरांनी १८९७ साली बेने इस्राएलांचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. नवगावच्या किनाऱ्यावरील फुटलेले गलबत, वाचलेली सात जोडपी, शनवार तेली हे नाव, सण, लग्नविधी, पलटणींत नाव काढलेले सुभेदार व सरदार बहादूर, सर्व काही त्यांनी टिपून ठेवले. ग्रंथ तयार झाला. पण तो छापला गेला नाही. लेखक निवर्तले, हस्तलिखित तसेच राहिले.

दरम्यान समाजात सभांचे वारे वाहू लागले होते. स्त्री मंडळ काढणाऱ्या डॉक्टर जेरुशा झिराड पुढे लंडनच्या एम. डी. होऊन आल्या, कामा इस्पितळाच्या अधीक्षक झाल्या, व १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९१७ साली बेने इस्राएल परिषद भरली, पाठोपाठ ऑल इंडिया इस्राएलाइट लीग निघाली. १९१६ साली टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात बॅरिस्टर जीनांच्या बरोबर उभे राहिलेले डेव्हिड एरुळकर ह्या चळवळीत होते. १९०५ च्या मॅट्रिक परीक्षेत नाव काढणाऱ्या व पुढे इस्राएलाइट शाळेच्या मुख्याध्यापिका झालेल्या रिबेका रुबेन होत्या. परिषद व लीग ह्यांचे आपसांत फारसे जमले नाही, आणि त्या भांडणांचा तपशील उगाळण्यात आम्हांस रस नाही. पण एक गोष्ट झाली. आता खुर्च्या आपण मांडत होतो.

परदेशी पाहुणेही येऊ लागले. झायोनवादी चळवळीचे प्रतिनिधी इस्राएल कोहेन १९२१ साली मुंबईस आले. आपल्या प्रवासवर्णनात त्यांनी बेने इस्राएलांविषयी लिहिले आहे. अशा पाहुण्यांचा एक साचा ठरलेला असे. स्वागत, भाषण, निधीसाठी आवाहन, निरोप. पाहुणा आपल्याला सांगे, आपण ऐकू, आणि बोट सुटली की विषय संपे.

१९३६ साली आलेल्या पाहुण्याची गोष्ट निराळी झाली. डॉक्टर इमान्युएल ओल्सवँगर हे ज्यूइश एजन्सीने हिंदुस्थानात पाठविलेले गृहस्थ. काम राजकीय होते: हिंदी नेत्यांस झायोनवादाची बाजू समजावून द्यावयाची. ते गांधीजींस भेटले, नेहरूंस भेटले. त्या कामात त्यांच्या पदरी फारसे यश आले नाही. दोन वर्षांनी, १९३८ च्या नोव्हेंबरात, गांधीजींनी हरिजनमध्ये यहुद्यांविषयी जो लेख लिहिला तो ओल्सवँगर ह्यांच्या मनासारखा खचितच नव्हता. एजन्सीच्या हिशेबाने पाहिले तर त्यांची फेरी फुकट गेली असे कोणीही म्हणेल.

परंतु हा माणूस नुसता प्रचारक नव्हता. पोलंडमध्ये जन्मलेल्या ह्या विद्वानाने पूर्व युरोपातील साध्या यहुदी माणसांच्या, न्हावी-शिंपी-गाडीवानांच्या तोंडच्या यिद्दिश गोष्टी व विनोद जमविले होते. त्यांचा एक संग्रह १९२० साली व दुसरा १९३५ साली त्याने प्रसिद्ध केला, आणि तोही रोमन लिपीत. म्हणजे ज्यांना बोली कळते पण हिब्रू अक्षरे वाचता येत नाहीत अशांनाही तो वाचता यावा. त्याला संस्कृत येत होते. पुढे १९५६ साली भगवद्गीतेचा हिब्रू अनुवाद त्याने जेरुसलेमहून प्रसिद्ध केला. ज्याला आपल्या आजीच्या भाषेची किंमत कळते, त्याला दुसऱ्याच्या आजीच्या भाषेचीही कळते. हिंदुस्थानातील भेटीच्या दुसऱ्याच वर्षी, १९३७ साली, केहिमकरांचा तो ग्रंथ तेल अवीव येथे छापून निघाला. संपादक डॉक्टर इमान्युएल ओल्सवँगर.

चाळीस वर्षे पडून राहिलेले आपल्या समाजाचे आत्मवृत्त एका पाहुण्याच्या हातून बाहेर पडले. हे आम्ही वारंवार मनात घोळवितो. मुंबईत तेव्हा छापखाने नव्हते असे नाही. आपल्यात पैसेवाले नव्हते असेही नाही. डॉक्टर एलायजा मोझेस त्याच १९३७ साली मुंबईचे महापौर झाले. समाज ऊर्जितावस्थेत होता. तरीही आपला इतिहास छापण्याजोगा आहे हे आपल्याला बाहेरच्याने दाखवावे लागले. ह्यात आपली थोडी नामुष्की आहे आणि ती कबूल केलेली बरी. मात्र दुसरी बाजूही पाहावी. विल्सनसाहेब आपल्याविषयी लिहिते झाले. ओल्सवँगर ह्यांनी आपल्या माणसाने लिहिलेले आपल्या माणसाच्या नावाने छापले. पाहुणा बोलावयास आला आणि यजमानाचे बोलणे घेऊन गेला. पुढे इस्राएलात आपल्या यहुदीपणाविषयी शंका घेतली गेली, तेव्हा आपण कोण, कोठून आलो व कोणत्या रूढी पाळीत आलो, हे आपल्याच माणसाच्या शब्दांत सांगणारा छापील ग्रंथ ह्या भूमीत अगोदरच येऊन बसलेला होता.

त्या लढ्याची हकीकत वाचकांस ठाऊक आहे. विवाहांच्या प्रश्नावरून धार्मिक अधिकाऱ्यांनी घातलेल्या अटी, त्याविरुद्ध जेरुसलेममध्ये आपल्या स्त्री-पुरुषांनी धरलेले धरणे, आणि १९६४ च्या १७ ऑगस्टला क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत असा केलेला ठराव. त्या वेळी टेबलामागे बसून दुसऱ्यांचे ऐकण्याची वेळ राहिली नव्हती. आपली साधी माणसे, ज्यांनी उभ्या आयुष्यात आभारप्रदर्शनही केले नव्हते, ती अडखळत्या हिब्रूत बोलू लागली.

त्याआधीच्या दिवसांतील एक प्रसंग आम्हांस आठवतो. नव्या वसाहतीतील एका सभागृहात आम्ही मंडळी जमलो होतो. एका कचेरीतून आलेल्या पाहुण्यांनी घरांविषयी व नोकऱ्यांविषयी तासभर हिब्रूत माहिती दिली. भाषण चांगले असावे, कारण पुढच्या ओळीतील दोघे-तिघे माना डोलवीत होते. मागे नऊवारी नेसलेल्या बायका मांडीवर हात ठेवून शांत बसल्या होत्या. टाळ्या वाजल्या तशा त्यांनीही वाजविल्या. बाहेर पडताना त्यांतील एका वयस्कर आजीने शेजारच्या मुलीस विचारले, "पोरी, हा भाऊ काय सांगून गेला गं?" त्या मुलीने पायरीवर बसून सर्व काही मराठीत सांगितले, आणि हां हां म्हणता तिच्याभोवती निम्मी सभा गोळा झाली. आत झाले ते व्याख्यान की पायरीवर झाले ते, हे आम्हांस अजून ठरविता आलेले नाही.

आज पारडे फिरले आहे. आता मराठीत बोलणारा पाहुणा आणला तर पुढच्या ओळीतील आजी-आजोबा रंगून जातात आणि मागची नातवंडे माना खाली घालून बसतात. कोणी म्हणतो सर्व कार्यक्रम हिब्रूत करा, कोणी म्हणतो मग मंडळ कशाला हवे. ह्यावर आमचे मत विचारल्यास पाहुण्याने मराठीतच बोलावे, आणि त्याच्या शेजारी चौथी खुर्ची मांडून तीवर एखाद्या तरुण मुलीस किंवा मुलास बसवावे. दर पाच मिनिटांनी त्याने ते हिब्रूत सांगावे. वेळ दुप्पट लागेल. परिचय व समारोप ह्यांना कात्री लावल्यास तो सहज निघेल.

एक विनंती आहे. मुंबई, पुणे, अहमदाबाद, कराची येथील आपल्या मंडळांच्या सभांना कोण कोण पाहुणे येत, कोणत्या विषयावर बोलत, ह्याची नीट यादी कोठेही झालेली नाही. पुष्कळ घरांत जुन्या ट्रंकांतून आमंत्रणपत्रिका, स्नेहसंमेलनांचे कार्यक्रम, हार घातलेल्या पाहुण्यांचे फोटो पडून आहेत. फोटोच्या मागे नाव व साल लिहिलेले नसल्यास घरातील ज्येष्ठांस आजच विचारून पेन्सिलीने लिहून ठेवावे, शाईने लिहू नये, शाई फुटते. पत्रिकेची प्रत आमच्याकडे पाठविल्यास मूळ कागद सुरक्षित परत केला जाईल.